काळ्याला तेल

कासामावशीचं नाव आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. नाहीतर मी अशी आहे की लिहिता लिहिता भलतीकडंच जाईन, आणि जिच्यासाठी हे लिहायला बसले तिचंच राहून जाईल. मला शहरात ठेवलं ते तिनं. नात्यानं ती माझी कुणीच नव्हती. माझ्या आईच्या माहेरची, आईच्या लहानपणची सोबतीण, एवढंच. पण मी सोयगावहून एसटीनं आले तेव्हा ती स्टँडवर उभी होती, आणि पिशवी माझ्या हातातून घेऊन पहिलं वाक्य बोलली ते असं, "बाई गं, तुझी माय म्हनली पोरगी भित्री हाय. पर इतकी? सिंचाचं पान बी इतकं थरथरत नाय." सिंच म्हणजे चिंच. मी रडायच्या बेतात होते, पण हसले. तिचं हे नेहमीचं. रडायच्या आधी एक चिमटा काढायचा.

माझी शाळा आठवीतच संपली. संपली म्हणजे कुणी काढली नाही, पण एक दिवस गुरुजींनी वडिलांना बोलावून सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "विमल डल आहे. पुढं रेटण्यात अर्थ नाही." वडील बाजारात मिरची विकायला बसायचे. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांनी विचारलं, "डल म्हंजे कसं, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "म्हणजे चमक नाही." हे मात्र वडिलांना लगेच कळलं. त्यांच्या धंद्यात सगळा भाव चमकेवरच ठरायचा. पावसात भिजलेली, पोत्यात दबून राहिलेली मिरची निस्तेज पडते, तिला गिऱ्हाईक हात लावत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं ते अगदी तशा ढिगाकडं बघावं तसं, रागानं नव्हे, नुसतं हळहळून. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पोरीचा मोसम गेला." त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनीच पुढं मला कासामावशीकडं पाठवलं, नाहीतर त्याच वर्षी लग्न ठरत होतं. मुलगा आईच्या ओळखीतला, आधीची बायको वारलेली. "दिवाळीपर्यंत पोरीचं शहरात बस्तान बसलं तर बसलं, नाहीतर होकार कळवू," असं बोलणं झालं होतं. हे मला माहीत होतं. मावशीलाही माहीत होतं.

तेव्हाचं औरंगाबाद. आता एसटीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहितात. माझ्यासाठी ते शहर म्हणजे मुकुंदवाडी, आणि मुकुंदवाडी म्हणजे स्टेशनामागची मावशीची पत्र्याची खोली. गाडी गेली की मांडणीवरची भांडी एकमेकींशी कुजबुजायची. सकाळच्या पॅसेंजरला पेले तेवढे बोलायचे, मालगाडीला परातसुद्धा. मावशी म्हणायची, "आपल्या घरी रोज पाव्हणे, आन् च्या कुनालाच द्यावा लागत नाय." सकाळी ती स्टोव्हला पंप मारायची त्या आवाजानं मला जाग यायची. मग भाकरीची थापट, मग लांबून कंपन्यांचे भोंगे, एकामागून एक, प्रत्येकाचा सूर वेगळा. मावशीला ते गावच्या कोंबड्यांसारखे ओळखू यायचे. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या तिखट मसाल्याची, आमटी ती अशी करायची की मुकाट खाल्ली तरी कपाळाला घाम फुटावा. मी घाबरले, गप्प राहिले, घरची आठवण काढली, सगळ्याला तिचं औषध एकच, आमटीत भाकरी कुस्करून समोर ठेवायची. "पोट तापलं की भेव पळतंय," म्हणायची. आता मी मुलाकडं गुजरातेत राहते. इथली आमटी गोड. सून जीव लावून करते, पण तिला कसं सांगू की मला अजून कशाचं भेव वाटलं की जिभेवर येसर येतो.

मावशीच्या घरात एक गोष्ट मी कधी चुकलेली पाहिली नाही. काळ्या वस्तूला ती सुकं राहू द्यायची नाही. तवा, विळा, पाटा-वरवंटा, दारातला शनीचा दगड, माझे केस, सगळ्यांना खोबरेल तेलाचं एकच बोट. शनिवारी तर ती वाटी घेऊन घरभर फिरायची. "काळ्याला तेल न्हाई लावलं की ते रुसतंय," हा तिचा कायदा. एकदा शेजारणीचं काळं कुत्रं दारात येऊन बसलं तर मी म्हणाले, "मावशी, ह्याला?" ती म्हणाली, "त्याच्या मालकिनीला इचार, नाय तर उद्या आपल्यावर भुंकायचं."

मावशी चिकलठाण्याच्या बाजूला एका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये पॅकिंग करायची. तिथंच तिनं मला लावून घेतलं. काम समजायला सोपं. मोठ्या कंपन्या लोखंडी भाग पाठवायच्या, मशीनची झाकणं, पेट्या, दारं. तो माल आधी तेजाबाच्या टाक्यांमधून बुचकळून धुवायचा, मग त्याच्यावर रंगाची कोरडी पावडर उडवायची, मग भट्टीत भाजायचा. भट्टीत पावडर वितळते आणि लोखंडावर कातडीसारखी बसते. पावडर उडवायचे आणि भट्टी सांभाळायचे ते रशीदभाई. नाका-तोंडाला कायम फडकं, दिवसाच्या शेवटी पापण्या त्या दिवसाच्या रंगाच्या. ते घरी गेले की त्यांची मुलगी विचारायची म्हणे, "अब्बा, आज निळे का?" माझं काम भट्टीतून निघालेला माल तपासायचं. झाकण उचलायचं, तिरकं करायचं आणि वरची ट्यूबलाइट त्यात पाहायची. ट्यूब सरळ आणि लखलखीत दिसली की ओकेचा शिक्का. वाकडी किंवा धूसर दिसली की बाजूला. मला हे काम फार आवडायचं. आठवीतून बाहेर पडलेल्या मुलीला दिवसभर चमक आहे की नाही हे ठरवायला मिळतं, ह्याची गंमत तेव्हा कळत नव्हती. भीती मात्र होती. प्रत्येक शिक्का मारायच्या आधी झाकण दोनदा तिरकं करून बघायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका नव्या कंपनीचं काम आलं. काळी झाकणं, ढीगभर. सोबत पावडरचे खोके त्यांनीच पाठवले. खोक्यावरचं मी एकेक अक्षर जुळवून वाचलं. ब्लॅक कळलं. पुढचं कळेना. रशीदभाई म्हणाले, "मॅट है. मॅट मतलब चमकताच नै."

"म्हणजे डल?" मी विचारलं. तो एक शब्द मला पक्का येत होता.

"हौ, वोइच. डल बोलो, मॅट बोलो, एकीच बात."

आमच्या शेडमध्ये तोवर सगळं चकचकीतच झालेलं. भट्टीतून पहिलं झाकण निघालं तेव्हा सगळे भोवती जमले. असं काळं आम्ही पाहिलं नव्हतं. उजेड त्याच्यावर पडायचा आणि तिथंच राहायचा, परत यायचाच नाही. ट्यूब बघायला मी झाकण तिरकं केलं, काहीच दिसेना. मला घाम फुटला. शेठ म्हणाले, "कंपनीको ऐसाच चाहिए. मार ठप्पा." मग मी ट्यूब सोडून नुसता रंग बघत गेले. कुठं खड्डा, कुठं केस, कुठं डाग. नव्हतं काही. अगदी एकसारखं होतं, अमावस्येच्या आभाळासारखं. मी शिक्के मारले. मावशी मागं उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते आज लिहिताना कळतंय. कुणाच्या तरी पोराला उपाशी बघितल्यावर तिचा चेहरा तसा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेडमध्ये मशीनं धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची. मला शेठनी सणाला गावी सोडलं होतं, सकाळच्याच एसटीनं मी गेले. झाकणं कागदात गुंडाळून कंपनीला पाठवायची तेवढी राहिली होती. ते काम एकट्या मावशीकडं होतं.

गावी दसरा झाला. आपट्याची पानं दिली-घेतली. आईनं हळूच विचारलं, "टिकतीस ना गं तिथं?" मी म्हणाले, टिकते. निघताना वडिलांनी मिरचीची पुडी दिली मावशीसाठी. लांबट, सुरकुतलेली, मंद रंगाची ती मिरची ते घरच्यासाठी आणि जाणत्या गिऱ्हाइकासाठीच ठेवायचे.

परत कामावर आले तर शेडच्या दारातच काळ्या झाकणांचा ढीग. सगळा माल परत. वरच्या झाकणावर पांढऱ्या खडूनं इंग्रजीत मोठी चार अक्षरं. मी ती लांबूनच वाचली. मला वाटलं गुरुजी इथवर आले.

शेठ तापलेले होते. तोंडात पान तसंच धरून ओरडत होते. "डल लिखा है, डल! भट्टी कच्ची रखी, और इस लडकीने आँखे बंद करके ठप्पा मारा!" रशीदभाई कानाला हात लावत होते, भट्टी बराबर थी, अल्ला कसम. शेठ म्हणाले, उद्या सकाळी कंपनीचे क्वालिटीचे साहेब येणार आहेत. काम आपल्याकडं ठेवायचं की काढायचं ते त्यांच्या हातात. काम गेलं तर आधी मी जाणार, ठप्पा माझा होता. मावशी त्या दिवशी कामावर नव्हती, लेकीच्या घरी नातवाला बघायला गेली होती.

मी एका झाकणाचा कागद सोडवला. काळ्यावर ढग आल्यासारखे डाग होते. एके ठिकाणी कागदाच्या घडीचा पट्टा, एके ठिकाणी कुणाच्या पाच बोटांचा पंजा, आणि सगळीकडं धूळ चिकटलेली. नाक जवळ नेलं मात्र, आणि माझे डोळे भरून आले. खोबरेल तेल. मला मुकुंदवाडीच्या खोलीचा वास आला. रशीदभाईंच्या नाकाला फडकं, शेठच्या तोंडात पान. त्या वासाची ओळख त्या शेडमध्ये फक्त मला होती. सणाच्या दिवशी सगळी हत्यारं तेल लावून चमकत असताना ही बिचारी काळी झाकणं सुकी जाणार, हे मावशीला बघवलं नसणार. तिनं एकेक घेऊन चोळलं होतं. शनीच्या दगडाला चोळते तसं.

मी कागद पुन्हा गुंडाळून ठेवला. सांगितलं असतं तर माझी नोकरी वाचली असती आणि तिची गेली असती. फार विचार केला असं नाही. माझ्यासारखी भित्री मुलगी विचार करत नाही, तिला आधी घाम येतो. पण एवढं कळत होतं की जिच्या घरची भाकरी खाऊन मी त्या शेडपर्यंत पोचले तिचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. दिवेलागणीला घरी आले आणि पिशवी भरायला घेतली. मावशी नुकतीच परतली होती, स्टोव्ह पेटवत होती.

"कामून भरायलीस गं? आत्ता तं आलीस."

"मावशी, माल परत आलाय. बहुतेक मला काढतील."

"कोन्ता माल?"

"काळा. त्यांनी डल म्हणून लिहून पाठवलंय."

"डल म्हंजे काय?"

मी वडिलांना मिळालेलंच उत्तर दिलं. "म्हणजे चमक नाही."

मावशीचा पंप मारणारा हात थांबला. मला वाटलं आता तिला कळलं, आता ती घाबरेल. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "चमक नाय? कोन मुडदा म्हनतो चमक नाय? म्या सोता एक एक चोळलंय! बाटली सरली माझी! तोंड दिसत व्हतं तोंड, म्या कुकू नीट केलं त्याच्यात!"

"मावशी, हळू बोला."

"हळू कामून? येऊं दे उद्या त्या सायबाला. डोळे फुटलेत का त्याचे?"

मी तिचे हात धरले, पाय धरायचे बाकी ठेवले. म्हणाले, मावशी, तुम्ही काही बोलू नका, मी जाते गावी, होतं ते बऱ्यासाठी. त्यावर तिनं माझ्या पिशवीतले कपडे काढून खुंटीला टांगले आणि आमटीला फोडणी दिली. वडिलांची मिरची त्यातच घातली. आम्ही दोघी नाक ओढत जेवलो, मी रडून आणि ती तिखटानं, असं तिचं म्हणणं.

सकाळी साहेब आले. तरुण, चष्म्याचे, शांत बोलणारे. त्यांनी झाकण हातात घेतलं तोच मावशी पदर खोचून पुढं. "साहेब, ह्याला चमक नाय म्हनून तुम्हीच लिवलं का?"

शेठ मागून, "कासाबाई, तुम बीचमें मत बोलो."

"मी तं बोलनार. साहेब, म्या तेल लावलंय ह्याला. खोबऱ्याचं, पॅराशूट बी नाय, घान्यावरचं! सनासुदीचं सुकं कसं धाडायचं म्हनून. पोरीनं ठप्पा मारला तव्हा तेल नव्हतं. पोरगी गावाला व्हती. आता सांगा, तेल लावून बी चमकंना असं कसं?"

मग रशीदभाई फडक्याआड खोकले, का हसले कोण जाणे. "अरे मावशी," ते म्हणाले, "क्या कर डाले जी तुमे. मॅट को मालिश?"

साहेबांनी झाकणाचा वास घेतला. रशीदभाईंकडून थिनरचा बोळा मागून घेतला आणि झाकणाच्या अर्ध्या भागावरून फिरवला. तेल निघालं, धूळ निघाली. रंगाचा कणही बोळ्याला लागला नाही. भट्टी कच्ची असती तर रंग सुटून आला असता, रशीदभाईंचा जीव तिथंच भांड्यात पडला. पुसलेला भाग पुन्हा तसाच झाला, शांत, एकसारखा, खोल काळा. शेजारचा अर्धा ढगाळ. साहेबांनी झाकण माझ्यासमोर धरलं, कारण शिक्का माझा होता. "हे पाहा, हा भाग मॅट. असाच करायचा होता, असाच झालाय. आणि हा डल. ह्याच्यावर काहीतरी येऊन बसलंय, म्हणून असा दिसतोय. मी ह्या भागाला डल लिहिलं होतं. चमक नाही म्हणून नव्हे, डाग दिसले म्हणून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे सुरकुतीच्या मिरचीसारखं." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घाबरून भरभर बोलत सुटले. एक मिरची असते ती ताजी असली तरी चमकत नाही, तिची जातच तशी, वडील ती जाणत्या गिऱ्हाइकाला देतात. आणि दुसरी चमकणारी असते, पण ओल लागून निस्तेज पडते. बाजारात नवखा माणूस दोन्ही एकाच ढिगात टाकतो. साहेब हसले. "बरोबर. मग आता हा ढीग निवडा." दिवसभर आम्ही सगळ्यांनी झाकणं पुसली, शेठनीसुद्धा. संध्याकाळी माल गेला आणि काम राहिलं. मीही राहिले.

ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली ते शेवटी हेच म्हणतात की म्हणजे विमलताई, तुम्ही डल नव्हता, मॅट होता. मुलगा तर बायकोला असंच सांगतो. मला ते फारसं रुचत नाही. माणूस काही झाकण नव्हे, आणि खरं सांगायचं तर गणितात मी डलच होते. पण त्या दिवशी वडिलांची मिरची तोंडून निघाली, आणि त्यांनी माझ्याकडं ढिगाकडं बघावं तसं बघितलं होतं त्याचा सल गेला, हे खरं. आता पोरी दागिने मॅट मागतात, नातवाची मोटारसायकल मॅट काळी आहे. तो ती पुसताना मी लांबूनच बघते. तेलाची बाटली कुठंय हे मात्र आधी बघून घेते.

मावशीला त्याचं काय मिळालं ते लिहायला हवं. शेठनी तिला काढलं नाही, पण पॅकिंगवरून टाक्यांवर लावलं. तिथला वास घशात बसायचा, हाताची सालं निघायची. पॅकिंगवर ती पुन्हा कधी आली नाही. संध्याकाळी मी तिच्या हातांना तेल लावायचे तेव्हा ती म्हणायची, "लाव लाव. हे काय मॅट नाय." एकदा धीर करून विचारलं, "मावशी, खरं सांगा, त्या सकाळी तुम्हाला माहीत होतं ना, तेलानंच बिघडलं म्हणून? रात्रीच कळलं होतं ना?" तिनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "मला काय इंग्रजी येतंय व्हय?" आणि विषय आमटीवर नेला.

ती अजून मुकुंदवाडीतच आहे. खोली आता सिमेंटची, गाड्यांचा आवाज तोच. त्या ढिगातलं एक झाकण कोपरा चेमटला म्हणून राहिलं होतं, ते तिनं मागून घेतलं. शनीच्या दगडाखाली पाट म्हणून ठेवलंय, आणि दर शनिवारी तेल. इतक्या वर्षांत ते असं चकाकतंय की कुठल्याच साहेबानं घेतलं नसतं. मागच्या वेळी गेले तेव्हा माझा चेहरा तिनं हातानं चाचपून ओळखला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की थरथरते. मी म्हणाले, "सिंचाचं पान." ती हसली. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "विमल, मला समदं ढगावानी दिसतंय गं. तू शिक्का मारनारी. सांग, हे डल का मॅट?"

"डल, मावशी," मी म्हणाले. "नुसतं वर येऊन बसलंय. पुसता येतं."

ती म्हणाली, "मंग तू बस जवळ, तरच."

मी बसणार आहे. दिवाळी झाली की तिच्याकडं जाणार, दवाखान्याच्या दारात येसराची आमटी घेऊन बसणार, आणि पट्टी निघेल त्या सकाळी ते झाकण तिच्यासमोर धरणार. कुंकू नीट करायला. तिचं ऋण त्यानं फिटणार नाही हे माहीत आहे. तरी एवढं करणार.